यंत्रकामाची ओळख : सुटा भाग मापात कसा येतो?

(बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा येथील व्याख्यानाचा मजकूर)



बोरगाव मेघे हे गाव वर्धा शहराला अगदी लागून आहे. जनगणनेने त्याची नोंद शहरी वस्ती म्हणून केली असली, तरी या परिसराच्या पाठीशी शेतीच उभी आहे. विहिरीवरचा विजेचा पंप, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याचा पंप, चौकातील हातपंप आणि कापसाच्या हंगामात रात्रंदिवस चालणारे जिनिंग कारखाने यांच्यावर वर्धा जिल्ह्याचे दैनंदिन जीवन अवलंबून आहे. ही यंत्रे बंद पडतात, तेव्हा बहुधा संपूर्ण यंत्र निकामी झालेले नसते. एखादा शाफ्ट झिजलेला असतो, एखाद्या बोल्टचे आटे मेलेले असतात, एखाद्या बेअरिंगची बैठक सैल झालेली असते. बोटभर लांबीच्या त्या भागासाठी ओलीत थांबते, आणि ऐन वैशाखात हातपंपाची दांडी तुटली म्हणजे घरातील बायामुलींना हंडे घेऊन दूर जावे लागते.

असा भाग बाजारातून आणला किंवा कारखान्यातून करून घेतला, तरी तो बसेल की नाही आणि बसला तर टिकेल की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरते. ती गोष्ट म्हणजे माप. धातूचा भाग मापात आणण्याच्या कलेला यंत्रकाम म्हणतात. ज्यांच्या सहीने सुटे भाग खरेदी होतात, ज्यांच्या सल्ल्याने मुले व्यवसाय निवडतात आणि ज्यांच्याकडे गावकरी तक्रार घेऊन येतात, त्या सर्वांना या कलेची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

कातणे : एक शब्द, दोन कामे

मराठीत सूत कातले जाते, तसेच लाकूड आणि धातूही कातला जातो. लाकूड फिरते ठेवून त्याच्या पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे गोल पाय आणि खेळणी घडविणाऱ्या कारागिराला फार पूर्वीपासून कातारी म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी पत्रकांत टर्नरला हेच नाव आहे. फिटर म्हणजे जोडारी आणि मशिनिस्ट म्हणजे यंत्रकारागीर. खेड्यातील जुना कारागीर आणि आधुनिक कारखान्यातील कामगार यांच्यातील नाते भाषेने असे जपून ठेवले आहे.

धातूला आकार देण्याचे मार्ग मुख्यत्वे चार. वितळवून साच्यात ओतणे, तापवून ठोकणे, दोन तुकडे सांधणे आणि नको असलेला धातू कापून काढणे. ओतशाळेतून आलेला बीडाचा भाग किंवा लोहाराच्या ऐरणीवरून उतरलेला पोलादी तुकडा आकाराने बरोबर असला, तरी त्याच्या मापात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक सहज असतो. नांगराच्या फाळाला तेवढा फरक चालतो. पंपाच्या शाफ्टला चालत नाही. म्हणून अशा भागावर मुद्दाम थोडा जादा धातू ठेवतात आणि तो नंतर यंत्रावर हत्याराने काढून टाकतात.

यंत्रे आणि त्यांची कामे

या कामातील पहिले यंत्र लेथ. यात कामाचा तुकडा चकमध्ये घट्ट धरून फिरविला जातो, आणि कठीण पोलादाचे धारदार हत्यार त्याच्या अंगाशी हळूहळू सरकविले जाते. हत्यार तुकड्याच्या लांबीच्या दिशेने सरकले, तर गोल दांडा तयार होतो. आडवे सरकले, तर तोंड सपाट होते. तिरपे सरकले, तर निमुळता आकार येतो. तुकड्याच्या फिरण्याशी ठरावीक प्रमाण राखून हत्यार सरकविले, तर आटे पडतात. हत्यार हातात धरून कातण्याऐवजी ते सरकत्या बैठकीवर पक्के बसविण्याची आणि लांब आट्यांच्या दांड्याने नेमके पुढे नेण्याची योजना इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास पूर्णत्वास नेली. तेव्हापासून मापाची जबाबदारी कारागिराच्या मनगटाबरोबर यंत्राच्या बांधणीवरही आली.

दुसरे यंत्र ड्रिल. सुताराच्या गिरमिटाचेच हे यांत्रिक रूप होय. यात तुकडा स्थिर राहतो आणि हत्यार फिरते. ड्रिलने पाडलेले भोक फार अचूक नसते. ते रीमरने साफ करावे लागते. मोठे भोक अक्षाशी सरळ व गोल हवे असेल, तर बोअरिंग करतात. या कामाचे मोल इतिहासाने दाखवून दिले आहे. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाला चांगले सिलिंडर मिळत नव्हते. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनच्या बोअरिंग यंत्राने ते मिळू लागले, तेव्हाच ते इंजिन व्यवहारात उपयोगी ठरले.

तिसरा गट सपाट पृष्ठे व खाचा करणाऱ्या यंत्रांचा. शेपरमध्ये हत्यार पुढे-मागे चालून रंध्याप्रमाणे धातू काढते. मिलिंग यंत्रात अनेक दातांचे चक्राकार हत्यार फिरते. शाफ्टवरील चावीची खाच आणि चक्रांचे दाते या यंत्रावर होतात. चौथे यंत्र ग्राइंडर. त्याच्या सहाणीसारख्या चाकाचा प्रत्येक कण सूक्ष्म हत्याराचे काम करतो, आणि तापवून कठीण केलेला पोलादी भागही अखेरच्या मापात येतो. यांच्या जोडीला कानस, छिन्नी, हॅक्सॉ, टॅप व डाय ही हातहत्यारे असतातच. यंत्रे कितीही वाढली, तरी कानस सरळ चालविता येणे ही जोडाऱ्याची पहिली परीक्षा राहिली आहे.

वेग, धार आणि धातू

यंत्र सुरू केले की धातू आपोआप कापला जातो, अशी समजूत चुकीची आहे. प्रत्येक धातूला सोसेल असा वेग असतो. साधे मऊ पोलाद हायस्पीड स्टीलच्या हत्याराने कापताना हत्यारासमोरून मिनिटाला साधारण २५ ते ३० मीटर धातू जावा. बीडासाठी वेग कमी ठेवतात, पितळेसाठी बराच जास्त. शाळेतील शिक्षकांना हे गणित चटकन पटेल. ३० मि. मी. व्यासाच्या दांड्याचा परीघ सुमारे ९४ मि. मी. होतो. दांडा मिनिटाला ३०० फेरे फिरला, तर सुमारे २८ मीटर धातू हत्यारासमोरून जातो. व्यास दुप्पट झाला, तर फेरे निम्मे करावेत. फळ्यावरचे परिघाचे सूत्र कारखान्यात दररोज उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

वेग प्रमाणाबाहेर गेला, तर हत्याराची धार जळते. हायस्पीड स्टील विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आले, आणि टंगस्टन कार्बाइडची हत्यारे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. कार्बाइडमुळे कापण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढला. तरीही हत्याराचा कोन, कापण्याची खोली आणि गार ठेवणारे तेलपाणी यांचा मेळ कारागिरालाच घालावा लागतो.

सूत, थाऊ आणि मिलिमीटर

कारखान्यातील बोलीत सूत हे मापही आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणून अर्ध्या इंचाचा बोल्ट तो चारसुती बोल्ट. इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, तरी जुनी यंत्रे व जुनी बोली राहिली, आणि अनेक घोटाळे येथूनच होतात.

चारसुती व्हिटवर्थ बोल्टचा व्यास १२.७ मि. मी. असतो, त्याला इंचाला १२ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंश असतो. मेट्रिक एम १२ बोल्टचा व्यास १२ मि. मी., दोन आट्यांमधील अंतर १.७५ मि. मी. आणि कोन ६० अंश असतो. हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच भासतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातोही. मग तो अडतो, पान्याने जोर लावला जातो आणि दोन्हींचे आटे मरतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचविले, ते अशाच गोंधळावर उपाय म्हणून. प्रमाण ठरविण्याइतकेच कोणते प्रमाण आहे हे ओळखणेही महत्त्वाचे आहे.

बेअरिंगच्या बाबतीत मापाची शिस्त आणखी कडक होते. ज्या बेअरिंगचे भोक २५ मि. मी. आहे, त्याच्या शाफ्टचा व्यास नेहमीच्या एका घट्ट बसणीसाठी २५.००२ ते २५.०१५ मि. मी. यांच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे कारागिराला सूट मिळते ती मिलिमीटरच्या केवळ १३ हजारांश भागांची. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. शाफ्ट यापेक्षा बारीक झाला, तर बेअरिंग त्यावर घसरते आणि तापते. जाड झाला, तर ते ठोकून बसवावे लागते आणि लवकर फुटते.

हे माप साध्या पट्टीने घेता येत नाही. नेहमीचा व्हर्निअर ०.०२ मि. मी. पर्यंत व साधा मायक्रोमीटर ०.०१ मि. मी. पर्यंत वाचता येतो. त्याखालील मापासाठी अधिक सूक्ष्म मायक्रोमीटर किंवा प्रमाणित गेज लागतात. मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. २५ मि. मी. चा पोलादी दांडा ४० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.०१२ मि. मी. ने वाढतो. नुकत्याच कातलेल्या गरम शाफ्टचे माप बरोबर आले आणि थंड झाल्यावर तो सैल पडला, तर दोष यंत्राचा नसून घाईचा असतो.

गावोगावचा धडा : हातपंप

मापाचे महत्त्व समजावून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गावोगावी उभा असलेला हातपंप हेच त्याचे उत्तम उदाहरण आहे, आणि त्याच्या जडणघडणीत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अवर्षणानंतर कठीण खडकात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आल्या. त्यांवर बसविलेले बीडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापराच्या नमुन्यावर बेतलेले होते. संपूर्ण गावाचा भार त्यांना पेलवेना. दांडे मोडू लागले, खिळी झिजू लागल्या. १९७० च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली, तेव्हा बहुसंख्य पंप बंद आढळले. विहिरीला पाणी होते, पण ते वर येत नव्हते. या काळात जालना आणि सोलापूर येथे स्वयंसेवी पाणीपुरवठा कार्यातून एक वेगळा, पोलादी बांधणीचा व एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप घडविला गेला होता. सोलापूरच्या या नमुन्याच्या आधारे युनिसेफ, यांत्रिक अभियांत्रिकी संशोधनाची शासकीय संस्था आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांच्या सहकार्याने 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला. १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्यासाठी आयएस ९३०१ हे मानक प्रसिद्ध केले.

या पंपाचे यश केवळ आराखड्यात नव्हते. त्याचा प्रत्येक भाग ठरलेल्या मापाचा होता, आणि तो तसा आहे की नाही हे तपासले जात होते. दांड्यातील दोन बेअरिंगे ६२०४ क्रमांकाची, म्हणजे २० मि. मी. भोकाची. ती बसतात ते घर सरळ व गोल बोअर केलेले असावे लागते. अन्यथा दांडा एका अंगाला ओढतो. पाण्यातील सिलिंडरचे पितळी अस्तर ६३.५ मि. मी. आतील व्यासाचे व गुळगुळीत असावे लागते. खरबरीत राहिले, तर वॉशर लवकर खलास होतात. आतील दांड्या १२ मि. मी. व्यासाच्या व एम १२ आट्यांच्या. एका कारखान्याची दांडी दुसऱ्या कारखान्याच्या दांडीला जुळते, ती या आट्यांमुळेच. आटे उथळ किंवा तिरपे कापलेले असले, तर दांड्यांची माळ मध्येच सुटून विंधन विहिरीत पडते. ती काढण्याचा खर्च दांडीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, आणि तोपर्यंत गाव तहानलेले राहते.

यावरून खरेदीचा एक नियम निघतो. दर कमी म्हणून घेतलेला, पण मानकात न बसणारा सुटा भाग हा सर्वांत महाग भाग होय. दरपत्रकावर किंमत दिसते, माप दिसत नाही. म्हणून माप व मानक मागणीपत्रातच लिहिले पाहिजे.

वर्ध्याचा वारसा

वर्ध्याला हा विचार नवा नाही. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटींत उत्पादनाबरोबरच टिकाऊपणाचाही विचार होता. चरख्याची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, तो वेळोवेळी दुरुस्त होऊन २० वर्षे चालावा आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा, अशी अपेक्षा होती. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र घेताना त्याच्या सुट्या भागांचा हिशेब आधी मांडावा, हा त्या अटींतील विचार आजही कोणत्याही निविदेला लागू पडतो.

चरख्याची चातीसुद्धा यंत्रकामाचाच विषय आहे. चाती केसभर वाकडी असली, तर ती फिरताना थरथरते आणि धागा तुटतो. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्यात सुरू झाले, आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथील चरखे पाहताना विद्यार्थ्यांचे लक्ष चात्या, बैठका आणि चाकांच्या आसांकडे वेधले, तर ग्रामोद्योगालाही अचूकतेची किती गरज असते हे त्यांना समजेल.

भाग करून घेताना

पंपाचा शाफ्ट नवा करून घ्यायचा असेल, तर तुटलेले दोन्ही तुकडे बेअरिंग व पुली यांच्यासह कारखान्यात न्यावेत. झिजलेल्या जागेचे माप हे मूळ माप नव्हे; ते बेअरिंगच्या क्रमांकावरून ठरवावे लागते. शाफ्ट कोणत्या पोलादाचा हवा, हे विचारावे. साध्या मऊ सळईचा शाफ्ट सहज कातला जातो, पण बेताच्या कार्बनच्या पोलादाइतका टिकत नाही. व्यास जेथे बदलतो तो कोपरा अगदी काटकोनी ठेवू नये, तेथे थोडी गोलाई द्यावी. कारण अशाच कोपऱ्यातून बारीक तडा जाऊन शाफ्ट तुटतात. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगने धातू चढवून तो पुन्हा कातणे अडचणीच्या वेळी उपयोगी पडते, पण उष्णतेने शाफ्ट वाकण्याचा व तडकण्याचा धोका असतो. तयार झालेला भाग थंड असताना, शक्यतो आपल्यासमोर, मोजून घ्यावा.

माणूस घडविणे

१९५२ मध्ये अमेरिकेत आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. आज संगणक-नियंत्रित सीएनसी यंत्रे आपल्या औद्योगिक वसाहतींतही दिसतात. हजारो भाग एकसारखे करण्यात त्यांची बरोबरी हातलेथ करू शकत नाही. पण एकच तुटलेला शाफ्ट त्याच दिवशी करून हवा असतो, तेव्हा साधा लेथ आणि जाणता कातारी हेच उपयोगी पडतात. शिवाय सीएनसी यंत्राला वेग, खोली व माप सांगणाऱ्यालाही धातू ओळखावाच लागतो.

कातारी, जोडारी आणि यंत्रकारागीर हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार कारखान्यात शिकण्याची सोय आहे. मुलींनाही हे व्यवसाय खुले आहेत. येथे अंगबळापेक्षा नजर, हिशेब व धीर यांचे काम अधिक. पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहार व हातोडा-हत्यारे करणारे कारागीर यांचा समावेश असून, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. या योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. ऐरणीवर धातू ओळखायला शिकलेल्या घरातील मुलगा किंवा मुलगी लेथवर उभी राहिली, तर तिच्या हाती कौशल्याचा अर्धा ठेवा आधीच आलेला असतो.

मात्र यंत्राजवळ शिस्तीला पर्याय नाही. सैल बाह्या, ओढणी, साखळी किंवा हातमोजे घालून फिरत्या लेथजवळ जाऊ नये. चकची किल्ली चकमध्येच ठेवून यंत्र सुरू करू नये. धातूची धारदार वेटोळी हाताने न काढता आकड्याने काढावीत आणि डोळ्यांवर चष्मा असावाच.

गावाने करावयाच्या तीन गोष्टी

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या प्रत्येक पंपाची एक नोंदवही ठेवावी. तिच्यात पंपाची बनावट, बेअरिंगांचे क्रमांक, शाफ्टचा व्यास, आट्यांचे माप आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख लिहावी. जे भाग वारंवार लागतात, ते उन्हाळ्यापूर्वीच आणून ठेवावेत. शाळेने एक व्हर्निअर घ्यावा, आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी नट, बोल्ट व सळया स्वतः मोजून पाहाव्यात. अधिकाऱ्यांनी मागणीपत्रात केवळ वस्तूचे नाव न लिहिता माप, धातू व भारतीय मानकाचा क्रमांक लिहावा, आणि माल ताब्यात घेताना त्यातील काही भाग मोजून पाहावेत.

ज्या गावाच्या नोंदवहीत पंपाची मापे लिहिलेली आहेत, त्या गावाला वैशाखात तुटलेल्या दांडीसाठी माप शोधत फिरावे लागणार नाही. ते माप घेऊन माणूस सकाळी वर्ध्याला जाईल, आणि हातपंपाला संध्याकाळी पाणी येईल.